जाड पिनांचा प्लग

"एवढ्या वर्षांत घरात एक पॉवर पॉइंट घेता आला नाही तुम्हाला?" सुहास आईवर खेकसला. वीज गेली तरी अण्णांचं ऑक्सिजनचं मशीन चालत राहावं, म्हणून त्याने पुण्याहून दुकानातला सगळ्यात दांडगा यूपीएस गाडीत घालून आणला होता. आता त्याचा जाड पिनांचा प्लग हातात धरून तो खोल्याखोल्यांतून हिंडत होता आणि एकाही सॉकेटच्या भोकात त्या पिना शिरत नव्हत्या.

"आणायच्या आधी विचारायचंस तरी," पलंगावरून अण्णा धापा टाकत म्हणाले.

आईने पदराला हात पुसले. "एक आहे की. न्हाणीघरात."

सुहासने दार ढकललं. मोठ्या भोकांचा पॉइंट होता खरा, गिझरच्या शेजारी. गेल्या दिवाळीत याच गिझरचं पाणी कोमट येतं म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. आत्ता त्याच्यावर उशीचा जुना अभ्रा चढवलेला होता.

"झाकून का ठेवलाय? वापरत नाही तुम्ही?"

"आम्हाला बंबातलं पाणी पुरतं. तुला बंब तापेपर्यंत दम निघायचा नाही, म्हणून बसवून घेतला."

त्याला आईच्या तोंडाकडे बघवेना. "वायरमनला सांगून इथूनच लाइन घेऊ," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"घे की, बाबा." आईने अभ्रा काढला, झटकला, आणि घडी घालता घालता थबकली. "पण मग तू आलास की तुझ्या आंघोळीचं कसं करायचं रे?"