चौकापर्यंत

खुब्याच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं, तेव्हा कुठे डॉक्टरांनी शंतनुरावांना पुन्हा पळायची परवानगी दिली. पण सांध्यातला ताठरपणा अजून गेला नव्हता. वाकून बुटाची लेस बांधणं त्यांना जमेना. ते काम त्यांच्या बायकोकडे, सीमंतिनीकडे आलं, आणि ती रोज काहीतरी निमित्त काढून ते टाळू लागली. कधी धुकं आडवं येई, कधी रस्त्यावरची कुत्री.

त्या सकाळी शंतनुराव बूट चढवून दारातल्या खुर्चीवर बसूनच राहिले.

“फक्त माधवगंजच्या चौकापर्यंत जाऊन येतो.”

“तिथेच तर पडून हाड मोडलं होतं.”

“म्हणून तर तिथपर्यंत जायचंय.”

सीमंतिनी नाइलाजाने खाली बसली. तिने गाठ मारली, पण ती नीट बसेना.

“अगं, सैल होतेय.”

“सैल बांधली तर पडाल,” ती मान वर न करता म्हणाली, “आणि घट्ट बांधली तर पळाल.”

तिने पदराने डोळे पुसले, लेस पुन्हा सोडली आणि सगळा जोर लावून ओढली.

“आणा, दुसरा पाय इकडे आणा.”