अप्पांचं वेगळं पातेलं

सून घरात आली त्या पहिल्याच दिवशी तिच्या हातून भात तळाला लागला. पोरगी ओट्यापाशी रडकुंडीला आलेली पाहून अप्पांना राहवलं नाही. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस, उसवलेलं दिसलं की हात शिवायला धावणारच. "अगं, रडतेस काय? मला असा करपलेलाच आवडतो," म्हणत त्यांनी ताट चाटूनपुसून लख्ख केलं.

सुनेने ते शब्द काळजात जपून ठेवले. पुढे तिचा हात असा बसला की शेजारणी तिला विचारून स्वयंपाक करू लागल्या. तरी अप्पांचा भात ती वेगळ्या पातेल्यात, मोठ्या आचेवर, चांगला खमंग काळा होईपर्यंत ठेवायची. अप्पाही निमूट गिळायचे. इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने सांगणार?

यंदा ती आठवडाभर म्हणून माहेरी गेली आणि मुलाने कुकर लावला. पांढराशुभ्र, मोकळा भात! अप्पांनी तीनदा मागून घेतला. तेवढ्यात सुनेचा फोन आला.

"अप्पा, जेवलात ना नीट? ह्यांना काही तुमचा भात जमायचा नाही."

पोरीला वाईट वाटायला नको, म्हणून अप्पा तोंडातला घास घाईने गिळत म्हणाले, "तुझ्या हाताची चव कुठे गं त्याला! दोन घास कसेबसे ढकलले बघ."

 

दुसऱ्या दिवशी सकाळीच सून माहेरपण अर्धवट टाकून दारात हजर झाली, आणि पाणीही न पिता तिने अप्पांचं पातेलं मोठ्या आचेवर चढवलं.