पाचवा फाउल

“त्याला अडवायला जाऊच नका. त्याला चिडवा,” समोर येऊन बसलेली अनोळखी बाई म्हणाली.

डेल्बर्ट स्ट्राउडने कॉफी खाली ठेवली. त्याचं डोकं आधीच तापलेलं होतं. शनिवारी पाइन फोर्कच्या शाळेशी बास्केटबॉलचा बाद फेरीचा सामना होता. हरला की हंगाम संपणार, आणि ब्रूकवेलच्या शाळेतली त्याची कोचगिरीही. गावात न्हावीसुद्धा त्याला खेळ शिकवू लागला होता.

सगळ्याचं मूळ एकच, पाइन फोर्कचा सेंटर, बास्केटखाली ठाण मांडणारा ऑरिन टटल. सात फुटांचं धूड. या हंगामात त्याने डेल्बर्टच्या पोरांना दोनदा धूळ चारली होती. वर प्रत्येक बास्केटनंतर मैदानाच्या मधोमध उभं राहून मूठ छातीवर चोळायची. तो माज पाहून डेल्बर्टची तळपायाची आग मस्तकात जायची.

“उंच पोरं बाकावर बसवा,” बाई सांगत होती. “पाचही बुटकी, पळणारी उतरवा. एकेकाने थेट त्याच्या अंगावर जायचं. बुटकं कोणी अंगावर आलं की याला राहवत नाही, हात मारतोच. जुनी खोड आहे. पाच फाउल झाले की बाहेर. मध्यंतराच्या आत व्हायला हवेत.”

“मध्यंतराच्या आतच का?”

“आतच. त्यांच्या कोचला सांगून थकले मी. मुख्याध्यापकांनाही सांगितलं. घरीही कोणी ऐकत नाही. चषकापुढे माणसं आंधळी झालीत मेली.”

डेल्बर्टची नजर तिच्या कोटावर गेली. मार्च महिन्यात, बाद फेरीच्या दिवसांत, त्या भागात प्रत्येक खेळाडूची आई लेकाच्या फोटोचा बशीएवढा बिल्ला छातीवर मिरवते. हिच्या कोटावर नुसती टाचणीची भोकं होती. म्हणजे ऑरिनपायी हिचं पोर बाकावर गेलेलं दिसतंय, त्याने ताडलं. पोराच्या जागेवरून चिडलेली आई काय वाटेल ते करते, हे कोचगिरीत त्याने पुरेपूर भोगलं होतं. त्याने जास्त विचारलं नाही.

शनिवारी त्याने पाचही बुटके उतरवले, तेव्हा त्याचा मदतनीस गस हबकला. वाघापुढे शेळ्या सोडताय, म्हणाला. डेल्बर्टने त्याला गप्प बसवलं.

पहिली काही मिनिटं नाचक्कीची गेली. ऑरिन नुसता हात वर करून बास्केट करत होता आणि छाती चोळत होता. ब्रूकवेलचीच माणसं डेल्बर्टच्या नावाने शिमगा करू लागली. त्याने दात आवळून धरले. मग सगळ्यात बुटका ड्यूई चेंडू घेऊन त्या धुडाच्या अंगावर धावला. ऑरिनचा हात बसला. शिट्टी वाजली.

पुन्हा धावला, पुन्हा शिट्टी. तिसऱ्या फाउलला कोणत्याही कोचने त्याला जपून ठेवायला बाकावर बसवलं असतं. पाइन फोर्कच्या कोचने बसवलं नाही. ऑरिन गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता, तोंडाने श्वास घेत होता. “दमलाय लेकाचा. सोडू नका,” डेल्बर्ट ओरडला.

चौथा झाला. मध्यंतराला थोडाच वेळ उरला असताना ड्यूई पुन्हा आत घुसला, आणि पाचवा झाला.

छप्पर उडेल इतका गलका झाला. हंगामभराचा राग डेल्बर्टच्या तोंडातून बाहेर पडला.

“जा, आता बाकावर बसून चोळ छाती.”

ऑरिनने ऐकलं. पाय ओढत बाकाकडे गेला.

तेवढ्यात पाइन फोर्कच्या बाजूने ती बाई पायऱ्या उतरत आली. अडवायला आलेल्या त्यांच्या कोचला तिने कोपराने बाजूला सारलं. आज तिच्या कोटावर बिल्ला होता. त्यावर ऑरिनचा हसरा फोटो होता.

तिने गुणफलकाकडे पाहिलंही नाही. लेकाच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नजर स्वतःच्या मनगटी घड्याळावर लावली आणि ओठ हलवत मोजू लागली. ऑरिन मान खाली घालून बसला होता, आणि त्याची दुसरी मूठ अजून छातीवरच फिरत होती.