फाटकावरचं नाव

नाईलकाठच्या आमच्या गावात शाळेला नाव देतात ते लढाईत कामी आलेल्या शिपायाचं. त्या सकाळी शहाता रंगारी शाळेच्या फाटकावरचा जुना रंग खरवडत होता आणि खालून माझ्या नवऱ्याचं नाव निघत होतं, बाप-आजोबांच्या नावांसकट.

"शहाताकाका, ही कसली मेली चेष्टा? रिफाई रजेवर आलाय, घरी चहा ढोसतोय!"

"पोरी, मी अजून ब्रशसुद्धा भिजवला नाही. जितकं खरवडतोय तितकं ठळक होतंय."

मी धावत घरी आले. रिफाई उंबऱ्यात बसला होता, हातात पेला.

"एवढ्या धापा का टाकतेस गं?" तो हसला.

मी त्याच्या छातीला कान लावला.

ठोके नव्हते. छातीच्या आत शाळेतली मुलं एका सुरात, मेलेल्यासाठी म्हणतात तो फातिहा म्हणत होती.