जगवलेला वड

चौथी घागर आळ्यात ओतून रामराव तिथंच खाली बसला. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते, पण अंग भाजत होतं. हापशापासून झाडापर्यंत दोनशे पावलं; तेवढ्यात त्याला दोनदा टेकावं लागायचं.

पाणी बुडाशी ओतायचं नाही. कडेकडेनं, हळू, जिरेल तसं. खोडाला ओलं गोणपाट, आळ्यात सोयाबीनचं भुसकट, वर सावलीची हिरवी जाळी. यापेक्षा जास्त कुणी काय करणार?

वडीगोद्रीच्या पुढं रस्ता रुंद होणार होता. दोन्ही अंगांना निजामाच्या काळातले एकसष्ट वड. त्यातला एक रस्त्याच्या कंपनीनं फाल्गुनात क्रेननं उचलला अन् गायरानात आणून लावला. रामराव तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं जालन्याला होता. परत आला, तर फांद्या छाटलेला, पानं गळालेला वड गायरानात एकटा उभा. बहात्तरच्या दुष्काळात याच वडाला सगुणाबाईनं लेकीची झोळी बांधली होती. दोघं नवरा-बायको खाली खडी फोडायचे. सगुणाबाईला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

त्यानं कुणाला काही विचारलं नाही. घागर उचलली.

कंपनीचा सुपरवायझर हरिओम तेवढा मदतीला आला. वाटूरचा, बोलायला गोड. जाळी अन् गोणपाट त्यानंच आणून दिलं. दर गुरुवारी येऊन झाडाचा फोटो काढायचा.

"काका, हे जगलंच पाहिजे बरं," जाताना म्हणायचा.

गावातलं मात्र कुणी एक तांब्या पाणी घालायला फिरकलं नाही. रामराव पारावर जाऊन बसला की चाललेलं बोलणं थांबायचं. म्हाताऱ्याच्या नादी कोण लागतं, असं म्हणून त्यानं पारावर जाणं सोडलं.

वैशाखात एका दुपारी चतुराबाई आली. तिचं घर रस्त्याला लागून, वडांच्या रांगेसमोर.

"रामभाऊ, या उन्हात मरता का? घरी जाऊन निजा की."

"एवढा उन्हाळा निघाला की मंग निजतो."

"एक झाड गेलं तर काय होतंय? रांग उभी हाय ना."

"वैनी, तुमच्या कल्याणची झोळी बी याच्याच फांदीला होती."

"ठाऊक हाय," चतुराबाई म्हणाली. थोडा वेळ झाडाकडं बघत उभी राहिली अन् निघून गेली.

चार दिवसांनी आळ्यात काहीतरी पांढरं दिसलं. रामरावनं जिभेला लावून पाहिलं. खडेमीठ.

त्यानं भुसकट बाजूला सारलं, हातानं माती उकरून बाहेर फेकली. मीठ धुऊन काढायला त्या दिवशी तीस घागरी ओतल्या. नखानं साल खरवडून पाहिली. आत अजून हिरवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बाभळीआड बसून राहिला. ऐन दुपारी चतुराबाई आली. ओटीत मीठ होतं. रामराव पुढं झाला, तेव्हा तिनं ते झाकलं नाही, की सबब सांगितली नाही.

"कंपनीवाल्यानं काय दिलं तुमाला?" तिनं विचारलं.

"जाळी दिली. गोणपाट दिलं."

तिनं त्याच्याकडं एकटक पाहिलं, पदरानं डोळे पुसले अन् आली तशी परत गेली. उन्हानं म्हातारीचं डोकं फिरलं असावं, असं त्याला वाटलं. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. त्या दिवसापासून तो भाकरी बांधून आणू लागला अन् दिवस मावळेपर्यंत झाडाजवळून हलेनासा झाला.

मृगाला तीन दिवस होते, तेव्हा छाटलेल्या फांदीवर लालसर कोंब दिसला. मग दुसरा. आठ दिवसांत सगळ्या फांद्यांना पालवी फुटली. रामराव खाली बसून नुसता वर बघत राहिला. उठायची घाई आता नव्हती.

पुढच्या गुरुवारी हरिओम दोन साहेबांना घेऊन आला. साहेबांनी साल खरवडली, पालवी मोजली, कागदावर सह्या केल्या अन् गाडीत जाऊन बसले. हरिओमनं मागं राहून रामरावच्या पायांना हात लावला.

"काका, तुमी नसते तर आमचं सगळं कामच अडकलं असतं."

"मी काय केलं बाबा? पाणी घातलं."

"त्यानंच तर झालं. तुमी जालन्याला होते तवा वडांना हात लावू नका म्हणून गावानं अर्ज केल्ता. मंग सरकारी समितीनं अट घातली, आधी एक वड हलवून दाखवा. मेला तर रस्ता वळवायचा, बाकीच्यांना हात लावायचा न्हाई." हरिओम हसला. "जगला बघा! सोमवारपासून उरलेले साठ उपटून राह्यलो."