सात बटणं

कॅज्युअल्टीत आम्ही पेशंटचे कपडे काढत नाही, कात्रीनं सरळ कापतो. तेवढेच क्षण वाचतात. त्या दुपारी छातीत कळ येऊन कोसळलेल्या माणसाच्या शर्टाला मी कात्री लावली, तोच त्याची बायको कळवळली. "कापू नका हो सिस्टर! लेकीच्या लग्नासाठी कालच शिवून आणलाय. शुद्धीवर आले की माझ्यावरच डाफरतील." वीस वर्षांत मी अशा वेळी कुणाचं ऐकलं नव्हतं. तिचं ऐकलं. सात बटणं होती. नव्या शर्टाची काजं घट्ट असतात. पाचव्या बटणाला त्याचा श्वास थांबला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. "तसाही वाचला नसता," डॉक्टर हात धुताना म्हणाले. असेलही. मी शर्ट बाहेर नेऊन दिला. तिनं सातही बटणं लावली, घडी घातली आणि माझा हात कपाळाला टेकवला. "एवढ्या घाईत तुम्ही तरी माझं ऐकलंत, ताई."