चाळीस नावं, एकोणचाळीस निकाल

नावं चाळीस आणि निकाल एकोणचाळीसच दिसताहेत, असं मोठ्या सिस्टरांनी फोनवर सांगितलं आणि तिघा भावंडांतल्या मधलीच्या हातातला चहा हातातच राहिला.

दवाखान्याच्या वेबसाइटवरचं ते पान तिनेच बांधलं होतं. कालच सुरू झालं होतं. किडनी द्यायला तयार झालेल्या नातेवाइकांची नावं एका रकान्यात, रुग्ण दुसऱ्यात, तपासणीचा निकाल तिसऱ्यात. तिची जुनी खोड अशी, की रिकामा चौकोन तिला पडलेल्या दातासारखा खुपायचा. म्हणून प्रत्येक रकाना वेगळा भरून घ्यायचा आणि मधली रिकामी जागा गाळून टाकायची. पान कसं आखीवरेखीव दिसे. पण एखादा निकाल आलेलाच नसेल, तर त्याखालचे सगळे निकाल एकेक पायरी वर चढून भलत्याच नावासमोर जाऊन बसतील, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि त्याच यादीत तिचं घरही होतं. आईसाठी तिघा भावंडांची नावं. दादाची जुळत नाही, मधलीची जुळत नाही, धाकट्याची जुळते. आजवर मला उनाड म्हणालात ना, आता बघा, घर माझ्याच किडनीवर चालणार, असं धाकट्याने कालच सगळ्या गोतावळ्याला फोन करकरून ऐकवलं होतं. आई हसली होती. कितीतरी दिवसांनी. दादा मात्र तिच्या उशाशी बसून डोळे पुसत होता. माझी जुळली असती तर दोन्ही काढून दिल्या असत्या, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

मधलीने रकाने पुन्हा बांधले. ज्याचं त्याच्या ओळीत. रिकाम्या जागी आडवी रेघ. मग पान उघडलं.

धाकट्यासमोरचं ‘जुळते’ एक ओळ खाली उतरून कुणा दुसऱ्याच घरातल्या मामांपाशी गेलं होतं. धाकट्याची जुळत नव्हती. तिचीही नाही. आता आईला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. आडवी रेघ एकच होती. दादाच्या नावासमोर.

म्हणजे दादाचा निकाल आलाच नव्हता. रक्ताचा नमुना कुठेतरी हरवला असणार. लॅबमध्ये काय, गोंधळाला तोटा नसतो. म्हणजे अजून एक दार उघडं होतं. तिने लिफ्टची वाटही पाहिली नाही. तीन जिने धापा टाकत चढली, दादाला हाताला धरून वॉर्डाबाहेर आणलं. चूक आपलीच, हे आधी कबूल केलं. मग धाकट्याचं सांगितलं. मग रेघेचं.

“दादा, आत्ताच चल. परत रक्त दे. तुझी जुळेलही.”

दादाने मागे हात नेऊन वॉर्डाचं दार हळूच लोटून घेतलं.

“ते पान तुझ्याच हातात आहे ना?” तो म्हणाला. “मग त्या रेघेच्या जागी ‘जुळत नाही’ एवढं टाकून दे.”